डासांची फवारणी : धुराचा हिशेब कोणी विचारायचा?

यंत्रमागाच्या शहरात तापाची साथ आली की दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली, गल्लीतला मागांचा खडखडाट कमी होतो. दुसरी, मोहल्ल्यातली चार माणसे नगरसेवकाकडे जातात आणि धुराची गाडी पाठवा म्हणून आग्रह धरतात. गाडी येते, पंधरा मिनिटे पांढरा धूर सोडते, पोरे तिच्यामागे धावतात आणि सर्वांना वाटते की काम झाले. आठवड्याने पुन्हा तेच डास, तोच ताप आणि तेच बंद माग.

आम्ही कापडाचा व्यापार करणारी माणसे आहोत. माल घेताना आम्ही ताका उलगडून पाहतो, मीटर मोजतो, ताणा-बाणा तपासतो, सूत कोणत्या नंबरचे आहे ते विचारतो. मग आपण भरलेल्या करातून जी फवारणी होते, ती मात्र आपण न मोजता, न तपासता का पदरात घेतो? साथीच्या काळात कोणती फवारणी करायची, कोठे करायची आणि केव्हा करायची हा निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत होत नाही. तो आपल्या गावच्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत होतो, आणि बऱ्याचदा आपण ज्याची मागणी करतो त्याप्रमाणेच होतो. म्हणून मागणी काय करायची हे समजून घेणे हा आमच्या मते धंद्याचाच विषय आहे.

मालेगावचा अनुभव

२००६ साली फेब्रुवारी-मार्च महिन्यांत नाशिक जिल्ह्यातील मालेगावात तापाची मोठी साथ आली. दोन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. ताप दोन-चार दिवसांत उतरत होता, पण सांधे धरून राहत होते. तपासणीअंती हा चिकुनगुनिया असल्याचे सिद्ध झाले. त्या वर्षी देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले होते. त्याच फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता. त्यामुळे नावातल्या सारखेपणावरून अनेकांनी चिकुनगुनियाचा संबंध चिकनशी जोडला. वास्तविक या रोगाचा कोंबडीशी काडीचाही संबंध नाही. हा शब्द आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला असून त्याचा अर्थ वाकून जाणे असा आहे. १९५२ साली आजच्या टांझानियात ही साथ प्रथम ओळखली गेली, तेव्हा सांधेदुखीने वाकलेल्या रुग्णांवरून हे नाव पडले.

येथे एक बाब व्यापारी बंधूंनी विशेष लक्षात घ्यावी. फेब्रुवारी-मार्च हे पावसाचे महिने नव्हेत. त्या दिवसांत डबकी आटलेली असतात. मग एवढे डास आले कोठून? उत्तर सरळ आहे. ते घराघरांत आणि कारखान्यांत साठवलेल्या पाण्यातून आले. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे प्रत्येक घरात पिंप, रांजण, हौद आणि टाकी भरलेली असते. पाणी साठवणे हा काही गुन्हा नाही, ती लोकांची गरज आहे. पण डासाचीही गरज तेवढीच आहे.

महाराष्ट्राला हा रोग नवा नव्हता. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे याच तापाची साथ आली होती आणि पाहणीत ३७.५ टक्के लोकांना तो होऊन गेल्याचे आढळले होते. त्यानंतर जवळजवळ बत्तीस वर्षे हा रोग देशातून गायब झाल्यासारखा होता. या काळात विषाणू दिसत नव्हता, पण त्याला पसरवणारा डास आपल्या टाक्यांमध्ये सुखाने नांदत होता. २००६ साली आफ्रिकी जातीचा विषाणू आला आणि त्याला सर्व तयारी आयती मिळाली.

मजुराचे दुखणे म्हणजे मालकाचे नुकसान

चिकुनगुनियाने माणूस सहसा दगावत नाही, म्हणून त्याकडे हलक्या नजरेने पाहिले जाते. पण आमच्या धंद्याच्या दृष्टीने पाहा. समजा चोवीस मागांचा कारखाना आहे आणि एक कारागीर सहा माग सांभाळतो. एका पाळीला चार कारागीर लागतात. त्यांपैकी दोघे पडले तर बारा माग थांबले. तुटलेला धागा सांधणे, धोट्यात कांडी भरणे, बीम चढवणे ही सगळी बोटांची आणि मनगटांची कामे आहेत, आणि हा रोग नेमका बोटे, मनगटे आणि घोटे धरतो. ताप गेल्यावरही कित्येकांचे सांधे काही आठवडे, तर काहींचे काही महिने दुखत राहतात.

कारागिराची मजुरी मीटरवर असते. माग बंद तर मजुरी बंद. घर चालवण्यासाठी तो मालकाकडून उचल घेतो, आणि ती फिटेपर्यंत पुढचे कित्येक हप्ते अर्धा पगार हातात येतो. मालकाचा व्यापाऱ्याला दिलेला वायदा चुकतो, व्यापाऱ्याचा पुढच्या गिऱ्हाइकाला दिलेला वायदा चुकतो. एका पिंपातल्या अळीचा हिशेब असा थेट बाजारपेठेपर्यंत येऊन पोहोचतो.

आता डासाची ओळख

फवारणीचा निर्णय बरोबर आहे की चूक, हे ओळखायचे तर डासाची राहणी माहीत हवी. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही रोग मुख्यतः एडिस इजिप्ती या एकाच डासामुळे पसरतात. त्याच्या पायांवर व अंगावर पांढरे पट्टे असतात. हा डास गटारात नव्हे तर स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. तो रात्री नव्हे तर दिवसा चावतो. सकाळची वेळ आणि मावळतीच्या आधीचे दोन-तीन तास हे त्याचे मुख्य कामाचे तास. उरलेला वेळ तो घरातच पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून काढतो. जन्मल्या जागेपासून साधारणपणे शंभर-दोनशे मीटरच्या फार पुढे तो जात नाही. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या पातळीच्या वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात.

यंत्रमागाच्या शहरात यातून एक वेगळीच अडचण उभी राहते. आपल्याकडे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. रात्रपाळीचा कारागीर सकाळी खोलीवर येऊन झोपतो. म्हणजे डासाच्या कामाच्या वेळी तो गाढ झोपेत असतो, एकेका खोलीत आठ-दहा जण शेजारी शेजारी, मच्छरदाणीशिवाय. त्यांत एकाला ताप असेल तर तोच डास त्याला चावून शेजारच्याला चावतो. तापाच्या पहिल्या पाच-सात दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्या दिवसांत त्याला भर दिवसा मच्छरदाणीत झोपवणे हा शेजाऱ्यांना वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

फवारणीचे तीन प्रकार

लोक सरसकट ‘फवारणी’ म्हणतात, पण ती तीन प्रकारची असते आणि तिन्हींचा उपयोग वेगवेगळा आहे.

पहिली धूरफवारणी. यात मॅलेथिऑनसारखे कीटकनाशक डिझेलमध्ये मिसळून यंत्राने धूर करतात. प्रचलित प्रमाण एकास एकोणीस असे आहे. म्हणजे वीस लिटर मिश्रणात एकोणीस लिटर डिझेल आणि एक लिटर औषध. धुराने फक्त उडणारे डास मरतात, तेही जे धुराच्या कणांच्या वाटेत सापडतील तेवढेच. धूर विरला की त्याचा असर संपला. पाण्यातल्या अळीला आणि भांड्याला चिकटलेल्या अंड्याला धुराची झळ लागत नाही. दारे-खिडक्या बंद करून घरात बसलेल्या माणसाप्रमाणे पलंगाखालचा डासही सुरक्षित राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या देशाचे आरोग्य खाते धूरफवारणी साथीच्या आणीबाणीतच करावी असे सांगतात. साथीत ती जरूर हवी, पण एकटी पुरेशी नाही. शिवाय गाडी रात्री नऊ वाजता मुख्य रस्त्यावरून फिरली तर दिवसा चावणाऱ्या, घरात बसलेल्या डासावर तिचा परिणाम काय होणार?

दुसरी घरातली फवारणी. शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून निघणारे पायरेथ्रम नावाचे औषध रॉकेलमध्ये एकास एकोणीस याच प्रमाणात मिसळून, हातपंपाने खोल्यांच्या आत मारतात. रुग्ण सापडला की त्याच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत ही फवारणी ताबडतोब व्हायला हवी, कारण विषाणू घेतलेला डास तेथेच आसपास बसलेला असतो. या कामाला माणसे लागतात आणि वेळ लागतो. गाडीच्या धुरासारखे ते दिसत नाही, त्याचा फोटोही चांगला येत नाही. पण साथ तोडण्यासाठी याचे मोल धुरापेक्षा जास्त आहे.

तिसरे अळीनाशक. टेमिफॉस नावाचे औषध साठवलेल्या पाण्यात अत्यल्प प्रमाणात, दहा लाख भाग पाण्याला एक भाग या हिशेबाने टाकतात. हे काम आरोग्य कर्मचाऱ्यांनीच मापाने करावे, आपण अंदाजाने करू नये. मोठे हौद आणि विहिरी यांसाठी गप्पी मासे हा जुना व बिनखर्चाचा उपाय आहे. मशिदीच्या हौजात, सायझिंगच्या उघड्या हौदात, बांधकामाच्या टाकीत हे मासे सोडता येतात आणि ते अळ्या खाऊन टाकतात. अनेक नगरपालिका मागितल्यास मासे पुरवतात.

मुंबईच्या विहिरींची जुनी गोष्ट

उडणारा डास मारायचा की त्याचे पाणी बंद करायचे, हा वाद आजचा नाही. मुंबईत हिवतापाने गिरणगाव आणि किल्ला भाग हैराण झाला तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांनी तपास करून १९११ साली अहवाल दिला. हिवतापाचा डास दलदलीपेक्षा घरांच्या आणि गिरण्यांच्या विहिरींत व टाक्यांत वाढतो, असे त्यांनी दाखवून दिले. उपाय निघाला तो विहिरी बंद करण्याचा, किंवा त्या डास शिरणार नाही अशा झाकण्याचा. त्याला अनेक घरमालकांनी हरकत घेतली, काहींनी धार्मिक कारणे पुढे केली. शेवटी टप्प्याटप्प्याने विहिरी झाकल्या गेल्या आणि मुंबईच्या आरोग्य खात्याला एक धडा मिळाला. डासाचे पाणी मालकाच्या दाराआड असते, आणि ते दार उघडल्याशिवाय कोणतीही फवारणी पुरी होत नाही.

कारखान्याचे दार का उघडत नाही?

आमच्या कारखानदार बंधूंची बाजूही येथे मांडली पाहिजे. फवारणीचे कर्मचारी आले की अनेक मालक त्यांना दारातूनच परत पाठवतात. त्यामागे निव्वळ हट्ट नसतो. डिझेलच्या धुराने ग्रे कापडाला वास लागेल, तेलाचे डाग पडतील आणि व्यापारी माल परत करेल ही भीती असते. चालू पाळीत माग बंद करावे लागतील ही दुसरी अडचण. आणि तिसरी सर्वांत गंभीर. कारखान्यात सगळीकडे रुईचा बारीक धुरळा असतो, मोटारी गरम असतात, वायरिंग जुने असते. तेथे रॉकेल-डिझेलचे औषध आणि गरम धूर सोडणे म्हणजे आगीला आमंत्रण.

या तिन्ही हरकती खऱ्या आहेत, पण तिन्हींवर तोड आहे. चालत्या कारखान्यात गरम धूर मुळीच सोडू देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. आत गरज आहे ती अळ्या शोधण्याची. पिण्याच्या पाण्याची टाकी, हात धुण्याचे पिंप, कूलरचा ट्रे, गच्चीवरचे टायर आणि रिकामे डबे, सायझिंगचा हौद एवढे पाहिले की काम बरेच झाले. रुग्ण निघालाच आणि आत फवारणी करावीच लागली, तर मुख्य स्विच बंद करून, मोटारी थंड होऊ देऊन, धुरळा झाडून, बीम व कापड ताडपत्रीने झाकून ती करावी आणि नंतर दारे-खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी. सुताच्या गोदामात फवारणीपेक्षा जाळीची खिडकी बरी.

शुक्रवारची सोय

एक मोठी सोय आपल्याकडे आहे, जी दुसऱ्या शहरांना नाही. मालेगाव-भिवंडीसारख्या ठिकाणी माग शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी तेलपाणी आणि साफसफाई होते. डासाला वाढायला सात ते दहा दिवस लागतात आणि आपली सुट्टी दर सात दिवसांनी येते. म्हणजे दर शुक्रवारी सकाळी प्रत्येक कारखान्याने आणि प्रत्येक घराने पाण्याची भांडी रिकामी करून, कडा घासून, पुसून पुन्हा भरली तर त्या आठवड्याच्या बहुतेक अळ्या डास होण्याआधीच संपतात. सरकार ज्याला ‘कोरडा दिवस’ म्हणते तो हाच. नुसते पाणी ओतून चालत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, म्हणून घासणे महत्त्वाचे. जी टाकी रिकामी करता येत नाही, तिला घट्ट झाकण किंवा कापड बांधावे. कापडाची कमतरता निदान आपल्या शहरात तरी नसावी.

आरोग्य खात्याचे कर्मचारी शुक्रवारी सकाळी कारखान्यांत आले तर माग बंद करण्याचा प्रश्नच उरत नाही. संघटनेने महापालिकेला तसे लेखी पत्र दिले तर आरोग्य अधिकाऱ्यांना कामाचा वार बदलणे अवघड नाही. पण असे पत्र लिहिणार कोण? धुराची गाडी मागणारे अर्ज ढिगाने असतात, कर्मचाऱ्यांसाठी दार उघडून देतो असे सांगणारा अर्ज विरळा.

हिशेब कसा मागावा

महापालिकेने किती वॉर्डांत किती वेळा धूर सोडला, हा आकडा ऐकून समाधान मानू नये. तो खर्चाचा आकडा आहे, नफ्याचा नव्हे. नफ्याचा आकडा वेगळा असतो. आरोग्य कर्मचारी घरे तपासतात आणि शंभरपैकी किती घरांत अळ्या सापडल्या ते नोंदवतात. त्याला घर निर्देशांक म्हणतात. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, याचाही एक आकडा काढतात. समजा आपल्या मोहल्ल्यात फवारणीपूर्वी शंभरांत वीस घरांत अळ्या होत्या आणि पंधरा दिवसांनीही वीसच आहेत, तर धुराची गाडी दहा वेळा फिरली तरी उपयोग शून्य. वीसचे तीन झाले तर काम झाले, मग गाडी एकदाही न फिरली तरी हरकत नाही.

म्हणून नगरसेवकाकडे आणि आरोग्य अधिकाऱ्याकडे जाताना आपण पुढील गोष्टी विचाराव्यात. आमच्या वॉर्डाचा घर निर्देशांक मागच्या महिन्यात किती होता व आज किती आहे? रुग्ण सापडल्यापासून किती दिवसांत त्याच्या घरात व शेजारी पायरेथ्रमची फवारणी झाली? धुराची गाडी कोणत्या वेळी येणार? ती सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास येणार असेल तर आम्ही दारे-खिडक्या उघड्या ठेवू. मिश्रणात औषध किती आणि डिझेल किती, त्याची नोंदवही दाखवाल काय? मापात पाप कापडात चालत नाही, ते औषधातही चालू नये. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास डास त्याला सरावतात, तेव्हा औषधाचा असर तपासला आहे काय? रात्रपाळीच्या कारागिरांच्या खोल्या यादीत आहेत काय? शेवटचा प्रश्न नळाच्या पाण्याचा. पाणी नियमित आले तर निम्मी पिंपे आपोआप रिकामी होतील, आणि त्याहून मोठी फवारणी नाही.

धूर सुरू असताना मुलांना त्याच्यामागे धावू देऊ नये. ते औषध डासाला मारते, मुलाच्या छातीलाही ते चांगले नाही. अन्न-पाणी झाकून ठेवावे आणि दमेकऱ्यांना दूर न्यावे.

मालकांकडूनही एक अपेक्षा आहे. कारागिराला ताप आला की तो लपवतो, कारण सुट्टी म्हणजे मजुरी बुडाली. मालकही कळवत नाही, कारण तपासणी नको असते. पहिल्या रुग्णाची खबर पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्राला मिळाली तर फवारणी चार खोल्यांत आटोपते. पंधरा दिवसांनी मिळाली तर सारा मोहल्ला लागतो. तापाच्या कारागिराला चार दिवसांची अर्धी मजुरी देऊन मच्छरदाणीत झोपवणे हे दानधर्माचे काम मानायचे तर मानावे, पण वहीत ते बारा मागांच्या बचतीच्या बाजूला लिहिले तरी चुकणार नाही.

२०२१ साली पुणे जिल्ह्यातील बेलसर गावात राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, आणि २०२४ साली पुणे शहरात त्याचे रुग्ण निघाले. रोगाचे नाव बदलते, डास तोच असतो आणि त्याचे पिंपही तेच असते. पुढची साथ कोणत्या नावाने येईल याची वाट न पाहता येत्या शुक्रवारी आपल्या कारखान्यातली टाकी उघडून आत टॉर्च मारून पाहावी. वळवळणारी अळी दिसली तर नगरसेवकाला फोन करण्यापूर्वी ब्रश हातात घ्यावा. मग फोन जरूर करावा, आणि धुराऐवजी हिशेब मागावा.